जावास्क्रिप्ट बंद ठेवून वाचन
कोथरूडच्या घरी वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर बातमी उघडली, की पंखा घरघरू लागे आणि पहिली ओळ वाचून होण्याआधीच नोंदणीची चौकट मजकुरावर येऊन बसे. क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या भागात ‘साइट सेटिंग्ज’ उघडून जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानांना हालचाल देणारी प्रोग्रॅमिंगची भाषा, बंद केली, तेव्हा तीच बातमी नुसत्या अक्षरांत, निवांत वाचता येऊ लागली. १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी ब्रेंडन आइक यांनी रचलेल्या या भाषेच्या आधारे आज पडद्याचा आकार, टाइमझोन, माउस कुठे थांबला इथपर्यंतचे तपशील टिपले जातात आणि त्यांच्या जुळणीतून, कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसून टाकल्या तरी, आपला ब्राउझर ओळखता येतो. जावास्क्रिप्ट बंद असली की ही ओळख बरीच पुसट होते; आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मात्र दिसतच राहतो.

बँकेचे व्यवहार किंवा रेल्वेचे आरक्षण यांसाठी जावास्क्रिप्ट लागते, म्हणून तेवढ्या संकेतस्थळांना त्याच सेटिंगमध्ये परवानगी द्यावी. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना मी नोस्क्रिप्ट हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पूरक सोय) आवर्जून सुचवेन, कारण त्यात मूळ संकेतस्थळाला मुभा देऊन केवळ जाहिरातदारांच्या स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टमधले छोटे प्रोग्रॅम, अडवता येतात.