व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये रेझिस्टरऐवजी चोक लावताय? या चुका टाळा

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळीच्या) अॅम्प्लिफायरमध्ये दोन फिल्टर कपॅसिटरांच्या मधला रेझिस्टर काढून तिथे चोक, म्हणजे लोखंडी कोअरवर (गाभ्यावर) गुंडाळलेली तारेची कॉइल, बसवावा, असा सल्ला हौशी मंडळी एकमेकांना सर्रास देतात आणि तो चुकीचा नाही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचे फुल-वेव्ह रेक्टिफिकेशन करून डीसी बनवल्यावर त्यात 100 हर्ट्झची लहर उरते आणि तीच स्पीकरमधून गुणगुण होऊन ऐकू येते. 10 हेन्रीचा चोक तिला सुमारे 6,280 ओहमने अडवतो, डीसीला मात्र त्याच्या तारेचा जेमतेम दीडशे-दोनशे ओहमचाच अडथळा होतो. घोटाळा होतो तो इथेच, कारण मूळ रेझिस्टर केवळ लहर अडवत नव्हता, तो व्होल्टेजही उतरवत होता.

ईएल84 या दोन आउटपुट व्हॉल्व्हचा स्टीरिओ सेट सुमारे 100 मिलिअँपियर घेतो, असे धरू. 1 किलोओहमच्या रेझिस्टरवर 100 व्होल्ट पडतात, 200 ओहमच्या चोकवर 20 पडतात; म्हणजे बाकी काही न बदलता अदलाबदल केली, की 250 व्होल्टची प्लेट (व्हॉल्व्हमधला चढ्या व्होल्टेजचा धातूचा भाग) 330 च्या आसपास जाते. ईएल84 च्या प्लेटची आणि स्क्रीनची (प्लेटच्या आतल्या जाळीची) कमाल मर्यादा 300 व्होल्टची, प्लेटची उष्णता सोसण्याची मर्यादा 12 वॅटची. अंधारात प्लेट लालसर दिसू लागली, की चूक कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. त्यातच आपल्याकडे शेतीपंप सुरू असताना 200 वर रेंगाळणारी वीज पंप बंद पडताच 245 च्याही वर चढते, म्हणून मापे चढ्या विजेवरच घ्यावीत आणि कपॅसिटर 450 व्होल्टचेच लावावेत. खरा उपाय कमी व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर हा आहे. तो शक्य नसेल, तर चोकच्या जोडीला सिरीजमध्ये 800 ओहमचा, 20 वॅटचा रेझिस्टर ठेवावा. उष्णता फारशी वाचत नाही, हे खरे, पण गुणगुण तरी जाते.

दुसरी चूक मी स्वतः केली. बोअरच्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानातून मी पहिला चोक गुंडाळून घेतला आणि कारागिराने सवयीने कोअरच्या E आणि I अक्षरांच्या आकाराच्या ई आणि आय पत्र्या एक इकडून, एक तिकडून अशा गच्च बसवल्या. ट्रान्सफॉर्मरला तेच योग्य असते. चोकमधून मात्र सतत डीसी वाहतो, त्यामुळे फट नसलेला कोअर संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि इंडक्टन्स (हेन्रीत मोजली जाणारी, लहर अडवण्याची ताकद) कोसळतो. मीटरवर 11 हेन्री दाखवणारा तो चोक अॅम्प्लिफायरमध्ये बसवल्यावर गुणगुण जशीच्या तशी राहिली, कारण मीटर मोजताना त्यातून डीसी जातच नाही. परत गेलो आणि म्हणालो, ''काका, सगळ्या ई एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला, मध्ये हा कागद घाला.'' ते म्हणाले, ''सायेब, असं ठेवलं तर घुं घुं करंल की.'' त्यांची शंका रास्त होती. पत्र्या क्लॅम्पने आवळून वार्निश पाजल्यावरच तो आवाज थांबला. मीटरवरचा आकडा 7 वर उतरला, पण स्पीकर शांत झाला.

गुंडाळण्याचा खर्च टाळायचा, तर 40 वॅटच्या ट्यूबलाइटचा जुना, जड चोक चालतो. इलेक्ट्रॉनिक चोकचा इथे काही उपयोग नाही. जुन्या चोकमध्ये फट मुळातच असते. इंडक्टन्स सव्वा हेन्रीच्या आसपास म्हणजे 100 हर्ट्झला साडेसातशे ओहमचा अडथळा असल्याने फिल्टरचे काम तो 1 किलोओहमच्या रेझिस्टरपेक्षा थोडे कमीच करतो, मात्र व्होल्टेज फारसे खात नाही. तो 230 व्होल्टच्या एसीसाठी बनवलेला असतो, हे विसरून चालणार नाही. पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे 500 व्होल्टचा मेगर असतोच. त्यावर वाइंडिंग आणि पत्रा यांच्यातील इन्सुलेशन तपासून घ्यावे आणि चोकचा पत्रा अर्थिंगला जोडावा.

प्रीअॅम्पच्या (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातल्या व्हॉल्व्हच्या) प्लेटलाही रेझिस्टरऐवजी चोक लावण्याचा मोह होतो. तिथल्या ईसीसी83 व्हॉल्व्हचा आतला रोध सुमारे 62 किलोओहम असल्याने 20 हर्ट्झपर्यंत खर्ज टिकवायला जवळपास 500 हेन्री लागतील. तो नाद सोडावा. ईसीसी82 ला साठेक हेन्री पुरतात, पण तिथेही प्लेटवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज येते आणि बायस (व्हॉल्व्हच्या ग्रिडचे स्थिर व्होल्टेज) नव्याने ठरवावा लागतो.

स्टँडबाय स्विच (चढे व्होल्टेज चालू-बंद करणारा) चोकच्या नंतर कधीही बसवू नये. प्रवाह एकदम तुटला, की चोक मोठा झटका देतो आणि स्विचमध्ये ठिणगी उडते. साठलेली वीज उतरवायला फिल्टर कपॅसिटरवर 220 किलोओहमचा, 2 वॅटचा रेझिस्टर कायम असावा आणि वीज बंद केल्यावर दोन मिनिटे थांबून, मीटर शून्याजवळ आल्याची खात्री करूनच आत हात घालावा.

राहता राहिला जागेचा प्रश्न. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला चिकटून, त्याच दिशेने ठेवलेला चोक कितीही चांगला असला, तरी घूं आवाज पेरतोच. व्हॉल्व्ह बसवण्याआधी चोकला छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्टचा एसी द्यावा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या तारांना हेडफोन जोडून तो कानाला लावावा आणि चोक हळूहळू फिरवत राहावे. आवाज जिथे जवळजवळ नाहीसा होईल, तिथे पेन्सिलने खूण करून मगच चॅसिसला भोके पाडावीत.