ऑशविट्झला मुलांना नेताय? या चुका टाळा

मी जर्मनीत राहते. उन्हाळ्यात भारतातून भावंडं मुलांना घेऊन येतात आणि युरोपचा बेत आखताना कुणीतरी म्हणतंच, "पोलंडला जातोय तर ऑशविट्झपण करून टाकू." ऑशविट्झ म्हणजे नाझींची मृत्युछावणी, आता तिथे संग्रहालय आहे. हे 'करून टाकू' मला सहन होत नाही. मुलांना घेऊन मी तिथे चारदा गेले आहे आणि दर वेळी त्याच चुका पाहिल्या आहेत. एक तर माझ्याच हातून झाली.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे मुलांशी आधी न बोलता त्यांना तिथे नेऊन उभं करणं. आपल्याकडच्या मुलांची हिटलरशी ओळख भलत्याच वाटेने झालेली असते. कडक सरांना ती 'हिटलर' म्हणतात, फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी विकायला असतं, आणि घरातलं कुणीतरी "काही म्हणा, माणूस शिस्तीचा होता" असं बोलून गेलेलं असतं. माझा भाचा पंधरा वर्षांचा असताना आला होता. पाच नंबरच्या ब्लॉकमध्ये काचेमागे सुटकेसींचा ढीग आहे. त्यांच्यावर मालकांची नावं आणि जन्मतारखा पांढऱ्या रंगात लिहिलेल्या आहेत. तिथे उभा राहून त्याने विचारलं, "पण मावशी, हिटलरने देश उभा केला होता ना?" प्रश्न मराठीत होता, पण ते नाव कुठल्याही भाषेत कळतं. पुढे उभ्या असलेल्या एक वृद्ध बाई वळल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मी त्याचा दंड धरून "गप्प बस" म्हटलं. पुढचे दोन तास तो मान खाली घालून चालला. गाईड काय सांगत होती, यातलं काहीही त्याच्या कानात शिरलं नाही. पोराने मनात होतं ते विचारलं आणि उत्तराऐवजी त्याला दटावणी मिळाली. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी मी मुलांना घेऊन बसते आणि हिटलरबद्दल त्यांनी काय ऐकलंय ते आधी त्यांच्याकडूनच ऐकते. 'शिस्त' हा शब्द येतोच. मग ती शिस्त कशाला जुंपली होती ते सांगते: माणसांच्या याद्या, त्यांना भरून आणणाऱ्या रेल्वेगाड्या, फलाटावर उतरल्या उतरल्या कुणाला मारायचं आणि कुणाला कामाला लावायचं याची होणारी निवड. सुमारे १३ लाख माणसं ऑशविट्झला आणली, त्यांतली ११ लाख मारली. मारलेल्यांत जवळजवळ १० लाख ज्यू होते. बाकीचे पोलिश, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत), सोव्हिएत युद्धकैदी. आणलेल्यांत मुलं होती सुमारे २ लाख ३२ हजार. डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं, ॲन फ्रँकचं, नाव मुलांना माहीत असतं. तिलाही १९४४च्या सप्टेंबरात इथेच आणलं होतं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कोल्हापूरकडची मुलं असतील तर वळिवड्याचंही सांगते. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना घरातून उचललं होतं ते सोव्हिएत राजवटीने, म्हणजे ती कहाणी वेगळी. पण युद्ध तेच, आणि आपल्या गावाजवळचं नाव निघालं की मुलं सरसावून बसतात.

स्वस्तिकाचंही घरीच बोलून घ्या. आपलं उंबऱ्यावरचं, कुंकवाचं, चार ठिपक्यांचं. त्यांचं काळं, तिरकं, लाल झेंड्यावरच्या पांढऱ्या वर्तुळातलं. गळ्यातलं पदक, टी-शर्ट, बॅगेची किल्लीसाखळी बघा आणि त्यावर स्वस्तिक असेल तर त्या दिवसापुरतं घरी ठेवा. "आमचं फार प्राचीन आहे" हे तिथल्या रांगेत कुणाला समजावत बसायची ती जागा नव्हे.

दुसरी चूक घाईची. क्राकोव शहरातून एकाच दिवसात ऑशविट्झ आणि व्येलिच्काची मिठाची खाण अशी जोडसहल मिळते. पैसे वाचतात म्हणून आपली माणसं ती घेतात. माझ्या चुलतभावाने घेतली. सकाळी मृतांच्या केसांचा ढीग पाहिलेली त्याची मुलगी दुपारी खाणीत मिठाच्या पुतळ्यांपुढे फोटोसाठी उभी केली होती. रात्री ती जेवली नाही, आणि काय झालं ते तिला सांगताही येईना. खाण सुंदर आहे, तिला दुसरा दिवस द्या. मूळ छावणी आणि जवळची बिर्केनाउ, या दोन्ही छावण्या बघायला साडेतीन तास लागतात. दमलो म्हणून बिर्केनाउ गाळू नका. बहुतेकांना मारलं ते तिथे. पळून जाण्याआधी नाझींनी सुरुंग लावून पाडलेल्या गॅस चेंबरचे ढिगारेही तिथेच आहेत. मैदान उघडं आहे, टोपी आणि पाणी हवंच.

चौदाच्या आतल्या मुलांना आणू नका, असं संग्रहालयच सांगतं. "आमची समजूतदार आहे" हे कारण मला पटत नाही.

प्रवेश विनामूल्य असला तरी आरक्षण नावानिशी लागतं, पासपोर्टवर आहे तेच नाव घाला. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. केसांच्या दालनात आणि अकराव्या ब्लॉकच्या तळघरात फोटो काढायला बंदी आहे. बिर्केनाउच्या रेल्वेरुळांवर तोल सांभाळत चालतानाचे फोटो काढू नका, अशी विनंती संग्रहालयाला २०१९मध्ये जाहीरपणे करावी लागली. मुलांचे फोन मी बिर्केनाउच्या फाटकाशीच माझ्याकडे घेते.

परतीच्या बसमध्ये "काय शिकलास?" विचारू नका. मी त्यांच्या शेजारी नुसती बसते. प्रश्न दोन-तीन दिवसांनी येतात, बहुतेक रात्री, आपण झोपायला निघालो की. त्या वेळी दिवा पुन्हा लावायचा.