तीर्थनवर ट्राउटसाठी गाईड घेऊन जाताय? या चुका टाळा

मनालीला जाणाऱ्या हमरस्त्यावर औटपाशी फाटा घेतला की लारजी, बंजार करत रस्ता गुशैणीला पोचतो. तिथे तीर्थन नदी धोंड्यांमधून उड्या घेत खाली येत असते. पाणी इतकं नितळ, की पुलावरून तळाचे गोटे दिसावेत. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून निघणारी ही नदी आज मोकळी वाहते, कारण तिच्यावर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातली माणसं लढली. माजी आमदार दिलाराम शबाब त्यांत पुढे होते. या पाण्यात ब्राऊन ट्राउट आहे. १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला अंडी आली, आणि १९०९ च्या सुमारास काश्मीरची अंडी कुल्लूत आली. तेव्हापासून हा परदेशी मासा इथल्या थंड पाण्यात रुळला.

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईची मंडळी तिथे फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे पिसं-धाग्याच्या नकली किड्याने (फ्लायने) मासा धरायला, गाईड घेऊन जाऊ लागली आहेत. त्यांतले बरेच जण रिकाम्या हातांनी परततात आणि दोष नशिबाला देतात. खरं तर मासा बहुतेक वेळा पहिला कास्ट (फेक) टाकायच्या आधीच गेलेला असतो. गाईड आपल्यासाठी मासा पकडून देणार, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. तो पाणी वाचायला शिकवतो. पैसे त्याच्या नजरेचे द्यायचे असतात. ती नजर वापरलीच नाही, तर दिवस फुकट जातो.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

आपल्या सुट्ट्या दोन: मे महिना आणि दिवाळी. नदीचं वेळापत्रक वेगळं आहे. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी पूर्ण बंद असते, कारण तो विणीचा काळ. दिवाळी नोव्हेंबरात आली तर तिकिटं काढून उपयोग नाही. ‘थोडं चालतं’ म्हणणारा गाईड भेटला, तर त्याच्याकडे पाठ फिरवा. त्या दिवसांत ट्राउट उथळ खडीत अंडी घालते. एक पाऊल चुकीचं पडलं तरी ती चिरडतात.

मे महिन्यात वरचं बर्फ वितळायला लागतं आणि पाणी चढतं. मासेमारी होते, पण पहाटेपासून दुपारच्या आतच, आणि पाणी उतरलेलं असेल त्या पट्ट्यात. जुलै-ऑगस्टचा विचारही नको. गढूळ पाण्यात माशाला फ्लाय दिसत नाही, आणि डोंगराचा भरवसा नाही. जुलै २०२३ च्या पुरात कुल्लू जिल्ह्यात रस्ते आणि पूल वाहून गेले, ते सगळ्यांनी पाहिलं. उत्तम काळ म्हणजे मार्चचा मध्य ते एप्रिलअखेर, आणि नंतर सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर. मुलांची शाळा बुडते म्हणून कुरकुर होईल, पण माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचे तीन दिवस मेच्या आठवड्याला भारी पडतात.

‘फिशिंग इन्क्लुडेड’ एवढ्यावर बुकिंग करणं

फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: फ्लाय रॉड आहे का, की स्पिनिंग? खोऱ्यात बरेच जण धातूची चमचमती चकती लावून स्पिनिंग करतात. त्यात चूक काही नाही, पण ती वेगळी कला आहे. काही ठिकाणी ‘ट्राउट फिशिंग’ म्हणजे फार्मच्या तळ्यात गळ सोडणं. तेही तुम्हाला हवं असेल तरच.

पुढचे प्रश्न असे. परवाना कोण काढणार? तो हिमाचलच्या मत्स्य विभागाचा असतो, दिवसाच्या हिशेबाने आणि माणसागणिक मिळतो. तो हातात घेऊन मागेपुढे नीट वाचा. एका गाईडमागे किती जण? दोनपेक्षा जास्त असतील तर नवशिक्याच्या वाट्याला काही येत नाही. गाईड चार जणांच्या गाठी सोडवण्यातच अडकतो. आणि पार्कची हद्द कुठे सुरू होते, तिथले नियम काय, हेही आधीच विचारून ठेवा.

स्वतःबद्दलही खरं सांगा. ‘थोडंफार येतं’ असं मोघम बोललात, की गाईड त्या हिशेबाने अवघड पाण्यावर नेतो. ‘रॉड कधी हातात धरलेला नाही’ म्हणालात, तर पहिला तास गवतावर सराव करून घेईल. तो तास पुढच्या दोन दिवसांची किंमत राखतो.

थेट पाण्यात उतरणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, आणि यावर जितकं बोलावं तितकं कमी.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते, कारण खाणं वरून वाहत येतं. तिला समोरचं आणि बाजूचं छान दिसतं, थेट मागचं दिसत नाही. शिवाय पाण्याच्या आतून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. काठावर सरळ उभा असलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला येतो, वाकलेला येत नाही. म्हणून खालच्या बाजूने, प्रवाहाविरुद्ध, वाकून पुढे सरकायचं. लाल-पिवळं जॅकेट हॉटेलवर ठेवा. खाकी किंवा मळका हिरवा रंग बरा. सकाळी सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली कुठे पडते ते बघा. मासा पळायला रॉडची सावलीसुद्धा पुरते.

मोठ्या भोवऱ्यात मात्र हिशेब उलटा होतो. तिथे पाणी काठालगत वरच्या दिशेला फिरतं, त्यामुळे मासा नदीच्या खालच्या बाजूला तोंड करून असतो. गाईड अशा जागी अचानक वळसा घेऊन दुसरीकडून जातो, तेव्हा त्याला ‘का’ ते विचारा. याच उत्तरासाठी आपण पैसे मोजलेत.

तीर्थनसारख्या धोंड्यांच्या नदीत मासे पांढऱ्या फेसात नसतात आणि पार संथ पाण्यातही कमीच. ते दोन्हींच्या शिवेवर असतात. मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी शांत होतं, ते सगळ्यांना दिसतं. धोंड्याच्या पुढेही, पाणी आदळून फुगतं तिथे, एक मऊ उशी तयार होते. पुष्कळदा थोराड मासा तिथे असतो, आणि नवखा माणूस नेमका त्याच जागी पाय ठेवून पलीकडे जायला बघतो. आधी काठावर पाच मिनिटं बसा. पोलराइज्ड चष्मा लावा, साध्या गॉगलने पाण्यावरची चकाकी जात नाही. मग सगळ्यांत जवळच्या पाण्यापासून सुरुवात करा. काठापासून हातभर अंतरावर मासा असतो, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

एक दगड उलटून बघा. ओल्या पोटाला चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोन-तीन तंतू असलेले किडे चिकटलेले दिसतील. काहींनी वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी केलेली असते. ट्राउटचं जेवण मुख्यतः हेच. डब्यातली फ्लाय त्या आकाराची आणि त्या रंगाची निवडा. मग दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

ताकदीने फेकणं

खाडीवर गरवणाऱ्याला किंवा तळ्यावर कणकेचा गोळा लावून बसणाऱ्याला सवय असते ती वजन भिरकावण्याची. गळाला शिसं असतं आणि ते दोर ओढून नेतं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, केस आणि धागा. तिला वजन जवळपास नसतंच. वजन असतं ते जाड लाइनला. म्हणजे फेकायची ती लाइन, फ्लाय मागोमाग जाते. मागे नेलेली लाइन हवेत सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि पुढे आणताना समोरच्या भिंतीत खिळा ठोकावा तसा रॉड एकदम थांबवावा लागतो. मागे ‘फट्’ असा चाबकासारखा आवाज आला, तर तुम्ही थांबला नाहीत. बहुधा फ्लाय तुटून गेली असेल, तपासा. लाइन समोर गुंता होऊन पडत असेल, तर रॉड फार खाली जाऊन थांबतोय.

तीर्थनवर लांब कास्ट लागतच नाही. रॉडच्या टोकापुढे पाच-सहा मीटर लाइन पुष्कळ झाली. मागे झाडी असेल तर गाईडकडून रोल कास्ट शिकून घ्या. त्यात लाइन मागे उडवावी लागत नाही. रॉड नऊ फुटी, चार किंवा पाच वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर) असला म्हणजे झालं. महागड्या सामानाची घाई करू नका, गाईडचंच वापरा.

फ्लाय पडली, पण मासा बघून वळला

हा क्षण फार छळतो. मासा वर येतो, फ्लायपाशी नाक आणतो आणि परत जातो. नवखा माणूस लगेच फ्लाय बदलतो. पण दहातल्या बहुतेक वेळा दोष ओढीचा असतो. आपल्या आणि फ्लायच्या मधलं पाणी जास्त वेगाने धावतं, ते लाइन ओढतं आणि फ्लाय पाण्यावर रेघ ओढत घसरते. खरा किडा असा कधी वाहत नाही. लाइन पडल्या पडल्या तिचा मधला भाग उचलून वरच्या बाजूला टाका. याला मेंडिंग म्हणतात. रॉड उंच धरून जास्तीत जास्त लाइन पाण्याबाहेर ठेवलीत, तर धोंड्यांच्या पाण्यात तेवढंही पुरतं. एवढं करूनही मासा वळला, तर टिपेट, म्हणजे फ्लायला बांधलेला शेवटचा धागा, बारीक करा, ५एक्स असेल तर ६एक्स (आकडा मोठा तितका धागा बारीक). फ्लाय बदलायची ती त्यानंतर, आणि एक नंबर लहान.

काहीच हालचाल नसेल तर निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडवायची फ्लाय, तळापर्यंत पोचत नसणार. अधूनमधून तळाला टेकल्याचं जाणवलं पाहिजे. नसेल जाणवत तर छोटं शिसं लावा किंवा जड फ्लाय घ्या.

मासा लागतो आणि सुटतो, याची मुख्य कारणं दोन. ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला मासा तोंड लावताना दिसतो, आणि आपण आनंदाने ताबडतोब झटका देतो. तोंड मिटून मासा खाली वळू द्या, मग रॉड नुसता उचला. निम्फचं याच्या उलट आहे. तिथे मासा दिसत नाही, लाइन जराशी अडखळते. ‘दगड असेल’ म्हणून थांबलात की संपलं, लगेच उचला. तिसरी शक्यता बोथट हुकाची. हुकाचं टोक नखावर टेकवून ओढा. घसरलं तर धार करा किंवा फ्लाय बदला.

गाठ तुटत असेल तर ती आवळण्याआधी ओली करत नसाल. कोरडी गाठ घासून गरम होते आणि नायलॉन कमजोर होतं. कास्ट करताना लीडरमध्ये (जाड लाइन आणि फ्लाय यांच्या मधल्या बारीक दोरात) आपोआप पडलेल्या बारीक गाठीही तपासत राहा. त्या दोराची ताकद फार कमी करतात, आणि मोठा मासा नेमका तिथेच तोडतो.

पाण्याला गृहीत धरणं

दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं बर्फ दुपारनंतर खाली पोचतं. सकाळी ज्या जागी पार केलंत, तिथून संध्याकाळी परतता येईलच असं नाही. कोरडा झालेला दगड पुन्हा ओला दिसला, पाण्यात काड्या-पानं वाढली, रंग दुधट झाला, आवाज बदलला, की विचार न करता काठावर या. उतरतानाही गुडघ्यापर्यंतच उतरा. एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलू नका, आणि काठीचा आधार घ्या. पाय सुटलाच तर उभं राहायची धडपड नको. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि काठाकडे सरका.

तीर्थनवर धरण नाही, पण ती जिला मिळते त्या बियासवर आहे. ८ जून २०१४ ला थलौटजवळ लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. बियासच्या पात्रात ‘पाच मिनिटं’ उतरायचा आग्रह गाईडला कधीही करू नका. आणि गाईड कुठल्याही नदीवर ‘बाहेर या’ म्हणाला, तर समोर मासा उसळत असला तरी बाहेर या.

फोटोसाठी मासा पाण्याबाहेर धरणं

निघण्याआधी पक्कडीने हुकाचा उलटा काटा दाबून टाका. मासा सुटतो ही भीती लाइन ताणलेली ठेवली तर उरत नाही, आणि हुक दोन बोटांनी निघतो. मासा हाती घेण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मागाहून बुरशीचा रोग धरतो. पोट दाबू नका, गलफडांना बोट लावू नका, वाळूवर ठेवू नका. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा. मासा जाळीत, पाण्यातच असू द्या, एकदा उचला, फोटो घ्या आणि पुन्हा पाण्यात. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा आणि त्याने स्वतः जोर केल्यावरच हात काढा. जून महिन्यात, खालच्या उथळ पट्ट्यात पाणी २० अंशांच्या जवळ गेलं असेल तर मासेमारीच थांबवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडूनही वाचत नाही.

परवान्यावर मासा ठेवायची मुभा असते, तिची मर्यादा तिथेच छापलेली असते. तरीही नदीतली ब्राऊन ट्राउट सोडा, असं मी कळकळीने सांगेन. थंड पाण्यात ती सावकाश वाढते. खायची हौस असेल तर खोऱ्यात रेनबो ट्राउटची फार्म आहेत, तिथे ताजा मासा वजनावर मिळतो. होमस्टेवाले तो करूनही देतात, फक्त सकाळी निघतानाच सांगून ठेवा.