कोऱ्या मातीची पिशवी

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टला मी सह्याद्रीतलं एक दुर्मीळ कंदीलपुष्प घेतलं होतं. कुठल्या डोंगरावरचं ते सांगत नाही; कंद उकरून नेणारेही वाचत असतात. जात एकच, उंची तीन. वर जावं तसे मुळांशी राहणारे जिवाणू बदलतात का, एवढंच बघायचं होतं. परवानगीचा अर्ज मात्र उन्हाळ्यातच टाका, पावसाळ्यात धावपळ नको.

रोप उपटायचं नसतं. बाजूची माती सैल करून दोन-तीन केसाएवढी मुळं कापायची आणि खड्डा बुजवायचा. मुळं हलकेच झटकली की पडते ती माती आपली नव्हे. चिकटून राहतो तो मिलिमीटरभर थर आपला. नमुने थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून कसारा लोकलने ठाण्याला आणले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पापलेट कसं दिलं गं?"

प्लेटा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या काचेच्या ताटल्या, झकास आल्या. पिकोव्हस्कायाच्या, न विरघळलेल्या फॉस्फेटने दुधट दिसणाऱ्या माध्यमावर काही कॉलन्यांभोवती (जिवाणूंच्या ठिपक्यांभोवती) स्वच्छ वलयं उमटली, म्हणजे फॉस्फेट विरघळवणारे सापडले. मॅडमनी एकच विचारलं, "कोरी माती कुठाय?"

कोरी म्हणजे त्याच उंचीवरची, पण रोपापासून लांबची. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, ओल बदलते, मातीचा सामू बदलतो. मग दिसलेला फरक झाडाने केला की नुसत्या उंचीने, हे कोऱ्या मातीशिवाय कळायचं कसं? परत गेले तोवर नोव्हेंबर लागला होता. पाऊस सरला की हे झाड जमिनीवरून नाहीसं होतं, खाली नुसता कंद. आणि कोरी माती मुळांच्या नमुन्यांबरोबरच घ्यायची असते. वर्ष गेलं.

आणखी एक, प्लेटा २८ अंशांवर ठेवा. ३७ माणसाच्या अंगातल्या जंतूंसाठी ठीक. तरी मातीतले जेमतेम १ टक्का जिवाणूच प्लेटवर उगवतात. बाकीच्यांसाठी डीएनए काढून जिवाणूंची ओळख पटवणारं १६एस जनुक वाचावं लागतं. त्याचा खर्च आधी विचारून ठेवा.

सरावाला डोंगर कशाला? ठाणे स्टेशनबाहेरून मुळांसकट मेथीची जुडी आणा. मुळांवर गाठी दिसल्या तर उत्तम. मुळाच्या आतले जिवाणू हवेत, तर बाहेरचे मारायला मुळं अल्कोहोल आणि हायपोक्लोराइटमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्याने धुवा, आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही प्लेटवर पसरा. त्यात काही उगवलं तर मुळाच्या आतले म्हणून मिरवलेले जिवाणू बाहेरचेच. माझ्या पहिल्या चार जुड्यांत उगवले.