कोरियात राहायला जाताय? या चुका टाळा

कोरियात पहिल्या वर्षी सर्वात जास्त मनस्ताप कशाचा होत असेल, तर स्वतःच्या नावाचा. 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून 90 दिवसांच्या आत इमिग्रेशनकडे नोंदणी करून रहिवासी कार्ड काढावं लागतं. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव येतं, आडनाव आधी. आपल्याकडे अनेकांच्या पासपोर्टवर नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. कोरियन नाव बहुधा तीन अक्षरांत संपतं, त्यामुळे आपलं लांबलचक नाव तिथल्या रकान्यात मावत नाही. बँकेत शेवट तोडला जातो, मोबाइलच्या दुकानात मधली मोकळी जागा गाळली जाते, कुठे आडनाव आधी तर कुठे नंतर.

हे क्षुल्लक वाटतं, पण ऑनलाइन खरेदीपासून सरकारी संकेतस्थळांपर्यंत बरंच काही ‘बोनिन इंजुंग’वर, म्हणजे ओळख पडताळणीवर चालतं. तुम्ही भरलेलं नाव मोबाइल कंपनीकडच्या नोंदीशी जुळलं नाही तर गाडी तिथेच अडते, आणि नेमकं काय चुकलं हे स्क्रीनवर धड कळत नाही. कार्ड हातात आलं की बँकेत आणि मोबाइलच्या दुकानात स्वतः जा, नोंद दाखवायला सांगा आणि मोकळ्या जागेसकट अक्षर न् अक्षर ताडून पाहा. सुरुवातीला पासपोर्टवर सिम घेतलं असेल तर ती नोंदही कार्डावर बदलून घ्या.

दुसरी मोठी चूक घर भाड्यानं घेताना होते, आणि ती आकड्यांची असते. आपण लाख-कोटीत विचार करतो, कोरियन माणूस ‘मान’मध्ये, म्हणजे दहा हजारांच्या पटीत. दलाल झरझर बोलत ‘छन-ए ओशिप’ म्हणतो, शब्दशः ‘हजारला पन्नास’. त्यात ‘मान’ गृहीत धरलेलं असतं. अनामत 1,000 मान म्हणजे 1 कोटी वॉन, आणि महिन्याचं भाडं 50 मान म्हणजे 5 लाख वॉन. अशा वेळी ‘ने, ने’ (हो, हो) करत मान डोलावू नका. कागद पुढे करा आणि पूर्ण आकडा शून्यांसकट लिहून घ्या. ‘ग्वाल्लीबी’ म्हणजे देखभाल खर्च वेगळा असतो का, त्यात पाणी-इंटरनेट येतं का, हेही तिथेच विचारा. करार झाल्यावर इमिग्रेशनकडे पत्ता बदलल्याची नोंद मुदतीत करा आणि करारावर ‘ह्वाकजंग इल्जा’ हा तारखेचा शिक्का घ्या. उद्या घरमालक कर्जात बुडाला आणि घर लिलावात निघालं, तर तुमची अनामत परत मिळवायला याच दोन गोष्टी कामी येतात. आईवडिलांनी जमवलेले पैसे त्यात अडकलेले असतात, म्हणून इथे आळस करू नका असं मी कळकळीनं सांगते.

बोलण्याकडे वळू. मराठी माणसाला कोरियन वाक्यरचना परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाला मागून लागतात, आदर क्रियापदात उतरतो. पण ‘तुम्ही’ला कोरियन शब्द शोधायला गेलात की घोटाळा होतो. शब्दकोशात ‘तांगशिन’ सापडतो. तो नवरा-बायकोत चालतो, पण अनोळखी माणसाला तोंडावर म्हटलात तर भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. दुकानदाराला ‘साजांगनिम’ म्हणा, शिक्षकांना ‘सनसेंगनिम’, ऑफिसात वरिष्ठांना हुद्द्याला ‘निम’ जोडून हाक मारा. पुष्कळदा कर्ताच गाळायचा असतो, क्रियापद सगळं सांभाळून घेतं. मालिका पाहून भाषा शिकलेल्यांनी आणखी एक जपावं: पडद्यावरचे मित्र आणि प्रेमी एकमेकांशी ‘पानमाल’, म्हणजे अरे-तुरेची भाषा बोलतात. तीच सवय प्राध्यापकांसमोर तोंडातून निघाली तर समोरचा चेहरा लगेच बदलतो. समोरच्यानं स्वतःहून सुचवेपर्यंत वाक्याच्या शेवटी येणारा आदरार्थी ‘यो’ सोडू नका. जेवताना वडीलधाऱ्यांनी चमचा उचलेपर्यंत थांबा, ग्लास भरताना दोन्ही हात लावा, आणि चमचा किंवा चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. पूर्वजांच्या विधीत भातात चमचा तसा उभा खोचतात.

शाकाहारी असाल तर ‘गोगी’, म्हणजे मांस, नको एवढं सांगून भागत नाही. ‘गोगी’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर मांसाचे तुकडे येतात. ते काढले जातात, पण म्योलची माशाचं पाणी रश्शात राहतं, किमचीत माशांचा किंवा कोळंबीचा खारवलेला अर्क असतो आणि तोकबोक्कीत, म्हणजे तांदळाच्या वड्यांच्या तिखट पदार्थात, फिशकेक सापडतो. म्हणून मासे, अंडी, म्योलचीचं पाणी अशी एकेका पदार्थाची नावं घेऊन विचारा. बौद्ध मठांच्या परंपरेतलं जेवण मिळालं तर जरूर खा. त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मित्रमैत्रिणींनाही चालण्यासारखं बरंच काही मिळतं.

कचऱ्याच्या बाबतीत आपली ओला-सुका ही विभागणी कामाची नाही. 1995 पासून तिथे कचऱ्याच्या आकारमानानुसार पैसे घेतात, तेही पिशवीच्या किमतीतून. पिशवी आपल्याच ‘गू’ची, म्हणजे विभागाची घ्यायची. अन्नकचरा वेगळा, पण त्याचं साधारण सूत्र असं की जनावरांच्या खाद्यात जाऊ शकेल तेच त्यात टाकायचं. कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, कोंबडीची हाडं, चहाचा चोथा, आंब्याची कोय: आपल्या स्वयंपाकघरातला हा सगळा ‘ओला’ माल तिथे साध्या कचऱ्याच्या पिशवीत जातो. चुकीच्या डब्यात टाकलात तर दंड होऊ शकतो.

बसमधून उतरतानाही टी-मनी हे प्रवासाचं कार्ड टेकवा. नाहीतर पुढच्या मेट्रोला सवलत लागू होत नाही. मेट्रोच्या डब्याच्या टोकाच्या जागा वृद्ध आणि अपंगांसाठी असतात. गर्दीतही त्या रिकाम्या दिसल्या तरी बसू नका.

हिवाळ्यात गावी निघताना गॅस वाचवायला घर तापवणारा बॉयलर पूर्ण बंद करू नका. सोलमध्ये जानेवारीत पारा उणे दहाच्याही खाली जातो आणि नळ गोठतात. भिंतीवरच्या पॅनेलवर ‘वेछुल’, म्हणजे ‘बाहेर गेलोय’, हे बटण असतं, ते दाबून जा, आणि कडाक्याची थंडी असेल तर गरम पाण्याचा नळ बारीक धारेनं सुरू ठेवा.

व्हिसा किंवा कार्डाबद्दल शंका आली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्याआधी 1345 ला फोन करा. ही परदेशी रहिवाशांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे आणि तिथे इंग्रजीतून बोलता येतं. रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 112.