जगभरातील पोटभरीचे घरगुती पदार्थ: या चुका टाळा

हंगेरीचा गुलाश (मांसाचा रस्सा), युक्रेनचा बोर्श (बिटाचे सूप), ब्राझीलचा फेजोआदा (काळ्या घेवड्याचा व मांसाचा रस्सा) किंवा स्पेनचा पाएया (भाताचा प्रकार) करायला घेतला, की सारी धावपळ साहित्य जमवण्यात जाते. हे पदार्थ बिघडतात ते मात्र बहुधा आच चुकल्यामुळे किंवा जिन्नस घालण्याचा क्रम चुकल्यामुळे.

मांसाच्या रश्शात पहिली चूक परततानाच होते. तुकडे ओले असले किंवा भांड्यात दाटीवाटीने घातले, तर सुटलेले पाणी आटेपर्यंत तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहते आणि मांस खरपूस न होता उकडले जाते. तुकडे कोरडे करून थोडे थोडे परतावेत. महागडे, चरबी नसलेले मऊ मांस निवडणे हीसुद्धा चूकच आहे, कारण खांद्याच्या किंवा नळीच्या मांसातील कोलॅजेन हे चिवट प्रथिन तासन्‌तास मंद आचेवर विरघळून जिलेटिन होते आणि रश्शाला दाटपणा येतो. मऊ मांसाचा तेवढ्या वेळात चोथा होतो. रस्सा रटारटा उकळल्याने मांस लवकर मऊ होत नाही, उलट धागे आकसून रस बाहेर पडतो. अधूनमधून एखादा बुडबुडा येईल एवढीच आच पुरे.

गुलाश कडवट झाला असेल, तर दोष बहुतेक वेळा पाप्रिकाचा असतो. या मिरचीपुडीत साखर असल्याने ती गरम चरबीत काही क्षणांत करपते. म्हणून कांदा परतून झाल्यावर भांडे आचेवरून खाली उतरवावे, पाप्रिका ढवळावी आणि लगेच मांस व थोडे पाणी घालावे. एकदा करपलेली चव कशानेही झाकत नाही. गुलाश पातळ झाला म्हणून मात्र घाबरू नये. हंगेरीत तो सूपासारखाच असतो आणि त्यात पीठ लावून दाटपणा आणण्याची गरज नसते.

बोर्शचा लाल रंग उडून तो विटकरी दिसू लागला, तर बीट फार वेळ उकळले गेले आणि आंबट कमी पडले असे समजावे. बीट वेगळे परतून त्यात व्हिनेगर किंवा टोमॅटो घालावा, परंतु बटाटे शिजल्याशिवाय हे मिश्रण सूपात ओतू नये, कारण आम्लामुळे बटाटे शिजायला अडतात आणि मग कितीही वेळ उकळले तरी टणकच राहतात. युनेस्कोने 2022 मध्ये युक्रेनी बोर्श करण्याची परंपरा तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या यादीत घेतली. कृती मात्र घरागणिक बदलते, तेव्हा अचूक प्रमाणाचा हट्ट व्यर्थ आहे.

हाच नियम कडधान्यांनाही लागू पडतो: टोमॅटो आधी घातला, तर दाणे मऊ होत नाहीत. फेजोआदामध्ये काळ्या घेवड्याबरोबर खारवलेले मांस असते. ते आदल्या रात्रीपासून पाणी बदलत भिजवले नाही, तर अख्खे भांडे खारट होते आणि मग त्यात बटाटा टाकण्याच्या प्रसिद्ध युक्तीचाही फारसा उपयोग होत नाही.

राजम्याबाबतची चूक चवीपुरती राहत नाही. कच्च्या राजम्यातील लेक्टिन हे प्रथिन विषारी असते आणि स्लो कुकरच्या (मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याच्या) कमी तापमानावर ते नष्ट होत नाही. कोरडा राजमा किमान 5 तास भिजवून ते पाणी फेकावे आणि ताज्या पाण्यात आधी किमान 10 मिनिटे, अधिक खबरदारी म्हणून 30 मिनिटे, खळखळून उकळावा. त्यानंतरच मंद आचेचा विचार करावा.

पाएयात सूप घातल्यावर तांदूळ ढवळू नये, नाहीतर पिष्ट सुटून भात चिकट होतो आणि तळाशी हवी ती खरपुडी धरत नाही. इटलीच्या रिसोट्टो या मऊसर भातात हेच पिष्ट हवे असते. तिथे तांदूळ धुणे चूक.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो हे खरे, पण मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवूनही टिकून राहणाऱ्या काही जीवाणूंचे बीजाणू कोमट रश्शात झपाट्याने वाढीला लागतात, म्हणून तो उथळ भांड्यांत काढून 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाण्यापूर्वी पूर्ण उकळी आणावी.