जुन्या दिवाळी अंकांतला मजकूर शोधात सापडत नव्हता, तो असा सापडला

ऑनलाइन दिवाळी अंकाचे जुने अंक उघडायचे, पण शोध घेतला की निम्मं साहित्य गायब.

पहिलं कारण फाँट. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्याआधीच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसला की उरतो नुसता कचरा. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण दोन ठिकाणी हमखास घसरतो. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. म्हणून आधी 'निर्मिती', 'स्थिती', 'कीर्ती' तपासायचे. ते सरळ आले तर बाकीचं बहुधा येतं. कवितांच्या ओळी मात्र हातानेच लावाव्या लागतात.

दुसरं कारण चोरटं. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकात 'ऱ' हे अक्षर, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि अदृश्य जोडक (ZWJ हे न दिसणारं चिन्ह). डोळ्यांना एक, शोधाला दोन. 'ॲ'चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवत. बॅकअप घेऊन डेटाबेसमध्ये 'र-हलन्त-जोडक' एवढाच क्रम बदलून 'ऱ-हलन्त' केला. जोडक सरसकट उडवला तर 'दर्या' उरतो, म्हणजे दरीचा समुद्र!

मग जुने अंक साध्या एचटीएमएल पानांत उतरवले, पत्ते तेच ठेवून. नाहीतर बाहेरचे दुवे मरतात. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, गेलं तरी तेच होतं; म्हणून त्याच्या नूतनीकरणाची सूचना आता संपादकांच्या सामायिक ईमेलवर येते.